सरदार घराण्यांच्या वंशावळी आणि त्यांतील सोयरसंबंध: नातेपुते–शिखर शिंगणापूर परिसराच्या अनुषंगाने

फलटणहून पंढरपुराकडे जाणारा जुना पालखीमार्ग बरड मागे टाकून सोलापूर जिल्ह्यात शिरला की पहिला मोठा मुक्काम नातेपुत्याचा. माळशिरस तालुक्यातील हे गाव मराठ्यांच्या इतिहासात स्वतःच्या नावाने फारसे गाजलेले नाही. परंतु त्याच्या भोवतालचा मुलूख पाहिला तर दक्षिणेतील जुन्या सरदार घराण्यांचा एवढा दाट समुदाय अन्यत्र क्वचितच आढळेल. पश्चिमेस फलटण हे निंबाळकरांचे, दक्षिणेस म्हसवड हे माने घराण्याचे, आणि नैर्ऋत्येस डोंगरावर शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव हे भोसल्यांचे कुलदैवत. घोड्यावरून एका दिवसाच्या मजलेत ही सर्व स्थळे येतात. ग्रँट डफने आदिलशाहीतील प्रमुख मराठा सरदारांची जी नावे दिली आहेत त्यांतील निंबाळकर व माने ही दोन घराणी या टापूतलीच होत. या घराण्यांचा इतिहास आजवर जो लिहिला गेला तो मुख्यतः त्यांच्या वंशावळींच्या आधारे. ह्या वंशावळी कोणत्या प्रकारचे साधन आहेत, त्या काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याची चिकित्सा मात्र त्या मानाने फार थोडी झाली आहे.

प्रारंभीच एक इशारा देणे योग्य ठरेल. ‘नातेपुते’ या नावात नाते आणि पूत हे दोन्ही शब्द कानाला स्पष्ट ऐकू येतात, आणि वंशावळींचा अभ्यासक त्यावरून एखादी सुंदर व्युत्पत्ती रचण्याच्या मोहात सहज पडू शकेल. पण कानाला भासणारे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. हा मोह आवरता न आल्यामुळे वंशावळींच्या क्षेत्रात किती घोटाळे झाले आहेत, हे पुढील विवेचनात दिसून येईलच.

वंशावळ, पिढीनामा, कुरसीनामा, करीना, कैफियत अशी निरनिराळी नावे असलेले हे कागद सामान्यतः घरातील पूर्वजांच्या आठवणी म्हणून जपलेले असतात आणि वाचकही ते तसेच वाचतो. वस्तुतः त्यांतील बहुसंख्य कागद आठवणीखातर लिहिलेले नाहीत. ते वादासाठी लिहिलेले आहेत. देशमुखी किंवा पाटीलकीच्या वतनावर दोन भाऊबंदांनी हक्क सांगितला, वडीलपणाचा मान कोणाचा, पानमान कोणाला, तक्षीम किती, असा तंटा उभा राहिला की गोतसभेपुढे प्रत्येक पक्ष आपला करीना सादर करी. मूळ पुरुषापासून आपल्यापर्यंतची परंपरा अखंड आहे, आणि ती थोरल्या मुलाकडून आलेली आहे, एवढे सिद्ध करणे हा त्या लेखनाचा हेतू. पुढे १८१८ नंतर सत्ता बदलली. ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्यास कंपनीचा प्रतिनिधी होता. १८२० मध्ये जहागीरदारांशी जे करार झाले ते त्याच्याच हातचे. त्याने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यासाठी घराण्याघराण्यांतून माहिती मिळविली. म्हणजे ज्याच्यापुढे पूर्वजांची हकीकत सांगावयाची तो इतिहासकार आणि ज्याच्या शिफारशीवर जहागीर टिकावयाची तो अधिकारी, हे दोघे एकच होते. त्यानंतर १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना पुन्हा एकदा कागद पुढे करावे लागले. आज दफ्तरांत आढळणाऱ्या कैफियती वाचताना त्यांच्यामागे हा प्रश्नकर्ता उभा आहे, हे विसरून चालत नाही.

या दृष्टीने फलटणच्या निंबाळकरांची परंपरा पाहावी. मूळचे उपनाम पवार. पुढे निंबळक या गावी वस्ती केल्यामुळे निंबाळकर हे नाव पडले, अशी कथा. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरांत दिलेल्या हकीकतीप्रमाणे घराण्याचा पूर्वज दिल्लीच्या बादशहाच्या चाकरीत होता, १३२७ मध्ये तो लढाईत पडला, आणि बादशहाने त्याचा मुलगा निंबराज यास इनामे व जहागीर दिली. या हकीकतीतील प्रत्येक तपशील खोटाच असला पाहिजे असे नाही. पण तिची रचना लक्षात घ्यावी. जहागीर मिळाली ती दिल्लीहून. म्हणजे ती बहामनी, आदिलशाही आणि सातारा या सर्वांहून जुनी. नवा सत्ताधीश जेव्हा विचारतो की तुमची सनद कोणाची, तेव्हा त्याला देण्याजोगे याहून भारी उत्तर नाही. वंशावळीचा वरचा भाग असा वजनासाठी लिहिलेला असतो. खालचा भाग, म्हणजे लेखनकाळापूर्वीच्या चार-पाच पिढ्या, बहुधा विश्वसनीय असतो. कारण त्यात खोटे लिहिले तर समोर बसलेला भाऊबंद ते लगेच उघडे पाडतो. मधला भाग, जेथे एकाखाली एक नुसती नावे येतात आणि कोणाविषयीही काही सांगितलेले नसते, तो सर्वांत संशयास्पद. वरचे टोक आणि खालचे टोक जोडण्यासाठी जेवढ्या पिढ्या लागतील तेवढी नावे तेथे ठेवलेली असतात.

भोसल्यांच्या वंशावळीसंबंधी झालेला वाद सर्वश्रुत आहे. मेवाडच्या सिसोदियांपासून त्यांची उत्पत्ती सांगणारी परंपरा १६७४ च्या राज्याभिषेकासाठी जुळवून आणली गेली, असे जदुनाथ सरकारांनी मानले. या मतास अडचण अशी की, राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जयराम पिंड्ये याच्या ‘राधामाधवविलासचंपू’त, म्हणजे शहाजीच्या हयातीतील ग्रंथात, सिसोदिया संबंध आलेला आहे, आणि शहाजीने अली आदिलशहास पाठविलेल्या पत्रात स्वतःस राजपूत म्हणविले आहे. तेव्हा राज्याभिषेकाच्या निमित्ताने ही कल्पना प्रथमच जन्मास आली असे म्हणता येत नाही. पण ती राज्याभिषेकाहून जुनी आहे एवढ्याने ती खरी ठरत नाही, हेही तितकेच स्पष्ट आहे. कर्तृत्वाने वर आलेल्या एका सरदाराने सतराव्या शतकाच्या मध्यास आपणास राजपूत म्हणवून घेतले, एवढेच त्यावरून सिद्ध होते. मुधोळच्या घोरपड्यांची फर्माने दत्तात्रय विष्णु आपटे यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इतिहासात आली. त्यांवरून मेवाडपासूनची साखळी पुरी झाली असे काहींना वाटले, तर इतरांनी त्या फर्मानांच्या अस्सलपणाबद्दलच शंका घेतली. घोरपड लावून किल्ला चढल्यामुळे घोरपडे, ही त्या घराण्याची नामकथा आणि निंबळकावरून निंबाळकर ही कथा एकाच पंक्तीत बसणाऱ्या आहेत असे नाही. गावावरून नाव पडणे ही नित्याची गोष्ट आहे, घोरपडीवरून पडणे ही नव्हे.

या वादाला अगदी वेगळी दिशा दिली ती रा. चिं. ढेरे यांच्या ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ (२००१) या ग्रंथाने. ढेरे यांनी भाटांना किंवा बखरकारांना न विचारता कुलदैवताला विचारले. शंभुमहादेवाच्या स्थानाशी निगडित असलेला बळिप हा गवळी राजा कर्नाटकातील सोरटूरहून आला, होयसळ–यादवांच्या पशुपालक परंपरेशी त्याचा संबंध होता, आणि भोसल्यांचा मूळ पुरुष तोच, असे त्यांचे प्रतिपादन आहे. ‘होयसळ’ आणि ‘भोसल’ या शब्दांच्या नात्यावरही त्यांनी भर दिला. या ग्रंथाचे मोल दोन भागांत वेगळे केले पाहिजे. शंभुमहादेवाच्या उपासनेचे दाक्षिणात्य मूळ, धनगर–गवळ्यांचा त्या डोंगराशी असलेला संबंध, देवतेबरोबर होणारे समूहांचे स्थलांतर, या बाबतीत ढेरे यांची मांडणी अत्यंत समृद्ध आहे, आणि मराठा घराण्यांचा शोध उत्तरेकडे न घेता दक्षिणेकडेही घेता येतो हे त्यांनी दाखवून दिले. परंतु उपासनेच्या इतिहासावरून ते जेव्हा वंशाच्या इतिहासावर येतात, तेव्हा त्यांचीही पद्धती त्यांनी नाकारलेल्या भाटांच्या पद्धतीजवळ जाते. बळिपाचा काळ यादवांचा, आणि मालोजीचा बाप बाबाजी सोळाव्या शतकातला; या दोहोंच्या मधली शतके तशीच मोकळी राहतात. कुलदैवत समान असणे म्हणजे रक्त समान असणे नव्हे. एकाच देवाला शेकडो कुळे भजतात. आणि शब्दसाम्याबद्दल वर सांगितलेच आहे. चित्तोडचा राजपुत्र काढून त्याच्या जागी सोरटूरचा गवळी बसविला, तरी एकाच पुरुषापासून सर्व वंश उतरला पाहिजे हा आग्रह कायमच राहिला.

हा आग्रह केवळ मराठ्यांचा आहे असे समजण्याचे कारण नाही. तुलनेसाठी इंग्लंडमधील सरदार घराण्यांच्या वंशावळींकडे पाहणे उद्बोधक ठरते, कारण तेथे हे कागद सरकारी यंत्रणेने तपासून नोंदविण्याची प्रथा होती. वंशचिन्हांची देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या संस्थेस १४८४ मध्ये सनद मिळाली, आणि १५३० पासून १६८८ पर्यंत हे अधिकारी परगण्यापरगण्यांतून फिरून घराण्यांच्या पिढ्या लिहून घेत असत. तरीही, किंवा कदाचित त्यामुळेच, बनावट वंशावळींचे पीक तेथे अमाप आले. डेन्बीच्या फील्डिंग घराण्याने सतराव्या शतकात आपला संबंध ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग राजवंशाशी जोडला. ‘टॉम जोन्स’ या कादंबरीचा कर्ता हेन्री फील्डिंग याच घराण्यातला. गिबनसारख्या चिकित्सक इतिहासकाराने ही कथा खरी मानली, आणि त्या कादंबरीचे आयुष्य सम्राटांच्या गरुडचिन्हाहून अधिक ठरेल, अशा आशयाचे गौरवोद्गार तिच्याच आधारे काढले. जे. होरेस राउंड याने पुढे ही सारी इमारत बनावट कागदांवर उभी असल्याचे दाखवून दिले. रोमचे साम्राज्य कसे ढासळले हे सांगणाऱ्याला एका इंग्रज उमरावाची बखर ओळखता आली नाही! इतिहासकाराची चिकित्सा बऱ्याच वेळा आदराच्या उंबरठ्यावर थांबते, ती अशी.

बनावट वंशावळ कोण रचतो, याचे एक ठोकळेबाज उत्तर म्हणजे नवश्रीमंत. पण अस्थिर झालेला जुना धनीही ती रचतो किंवा कोरवून घेतो. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिरात सरफोजी दुसरा याने १८०३ मध्ये भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरविले. एवढा विस्तृत मराठी शिलालेख दुसरा नाही, म्हणून त्याचे कौतुक नेहमी होते. त्याच्या कर्त्याची त्या वेळची स्थिती मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. सरफोजी हा तुळजाजीचा दत्तक पुत्र. १७८७ मध्ये तुळजाजी वारल्यावर हे दत्तविधान सदोष ठरवून अमरसिंहास गादी देण्यात आली. सरफोजीस ती मिळाली १७९८ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी राज्याचा कारभार कंपनीच्या हाती गेला. ज्याचा पुत्रपणाच एकदा नाकारला गेला होता आणि ज्याच्या हाती आता राज्य उरले नव्हते, त्याने आपल्या वंशाचा इतिहास दगडावर लिहून ठेवला. शिलालेख वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे त्याचा सूर निराळा ऐकू येतो.

येथवर इंग्रजी आणि मराठी वंशावळींतील साम्य पाहिले. त्यांच्यातील भेद त्याहून महत्त्वाचा आहे. इंग्रजी वंशावळीत मुलींची नावे असतात. मराठी वंशावळीत बहुधा नसतात. हा भेद स्त्रीविषयक आदराचा नसून मालमत्तेचा आहे. इंग्लंडमध्ये मुलगा नसेल तर जमीन मुलींकडे समभागाने जाई, आणि राजाच्या हुकमाने सभेस बोलावणे आल्यामुळे निर्माण झालेली जुनी उमरावपदेही मुलींच्या वंशात उतरू शकत. कोणत्या बहिणीची संतती उरली हे ठरेपर्यंत असे पद कित्येक पिढ्या तहकूब राहिल्याची उदाहरणे आहेत. तेराव्या शतकापासून सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत राजाचा खातेदार मेला की स्थानिक पंचांकडून शपथेवर चौकशी होई: जमीन किती, वारस कोण, त्याचे वय काय. वारस मुलगी असेल तर तिचे नाव, तिच्या नवऱ्याचे नाव, सर्व नोंदले जाई. आमच्या गोतसभेच्या महजराशी या चौकशीचे साम्य विलक्षण आहे. गावोगावचे जाणते लोक बोलवावेत, त्यांनी आठवेल ते सांगावे, आणि त्यावर निर्णय व्हावा, ही रीत दोन्हीकडे एकच. पण वतन मुलीकडे जात नसे. पुत्र नसेल तर दत्तक घेत, आणि दत्तक बहुधा भाऊबंदांतलाच. सबब महजरात मुलीचे नाव लिहिण्याची गरजच पडली नाही. जे लिहिण्याची गरज नव्हती ते विसरले गेले.

याचा परिणाम किती खोल आहे हे दाखविण्यास एकच उदाहरण पुरे. शहाजीच्या आईचे, म्हणजे शिवाजीमहाराजांच्या आजीचे, नाव काय? परमानंदाच्या ‘शिवभारता’त मालोजीच्या पत्नीचे नाव उमा असे आहे. दुसऱ्या परंपरेत, आणि ग्रँट डफमध्येही, ती दीपाबाई असून फलटणच्या वणगोजी ऊर्फ जगपाळराव निंबाळकराची बहीण आहे. सासर-माहेरची नावे वेगळी असण्याची चाल पाहता दोन्ही नावे एकाच स्त्रीची असू शकतील. दोन पत्नीही असू शकतील. ज्या वंशाच्या उगमासाठी चित्तोड आणि सोरटूर धुंडाळण्यात एवढी शाई खर्च झाली, त्या वंशातील सोळाव्या शतकाच्या अखेरच्या स्त्रीचे नावही एकमुखाने सांगता येत नाही. ज्या मालोजीने शिंगणापूरच्या डोंगरावर यात्रेकरूंसाठी तळे बांधविले म्हणून त्याचे नाव राहिले, त्याच्या पत्नीचे नाव दोन परंपरांच्या मध्ये अडकून पडले आहे.

आणि तरीही या टापूतील राजकारण समजून घ्यावयाचे तर धागा हाच आहे. निंबाळकरांची मुलगी भोसल्यांकडे आली. तिच्या नातवाचे लग्न १६४० मध्ये पुन्हा निंबाळकरांच्याच मुलीशी झाले. ही सईबाई, मुधोजी नाईकांची कन्या, बजाजी नाईकांची बहीण आणि संभाजीची माता. १६५९ मध्ये राजगडावर ती निवर्तली. निंबाळकरांनी मुली द्याव्या आणि भोसल्यांनी घ्याव्या, अशी ही एकाच दिशेने वाहणारी सोयरीक. मराठ्यांत मामाची मुलगी करण्यास हरकत नाही, पण आत्याची मुलगी करणे म्हणजे वेल परत आणणे, आणि ते निषिद्ध, असा संकेत इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात विवेचिला आहे. आता सईबाईची कन्या सखूबाई हिचे लग्न कोणाशी झाले? बजाजीचा मुलगा महादजी याच्याशी. म्हणजे महादजीने आत्याची मुलगी केली. वेल परत आला. परंपरा सांगते की आदिलशाहीत बजाजीस मुसलमान करण्यात आले होते, आणि त्याला परत स्वजातीत घेतल्यावर गोताचा संशय फिटावा म्हणून महाराजांनी आपली मुलगी त्याच्या घरी दिली. या कथेचे तपशील बखरींच्या काळाचे आहेत आणि त्यांवर वाद घालता येतो. पण विवाहाची दिशाच असे सांगते की काही तरी असाधारण घडले होते. एरवी जे संकेताविरुद्ध ते एवढ्या मोठ्या घरात उगाच होत नाही. बखरीतील कथेला असा आतून दुजोरा देणारा पुरावा वंशावळीच्या झाडावर सापडत नाही, कारण त्या झाडावर सईबाई आणि सखूबाई यांना फांदीच नाही.

दुसरे उदाहरण अधिक रक्तरंजित आहे. जून १६९७ मध्ये शंभुमहादेवाच्या डोंगराच्या परिसरात ओढ्यावर स्नान करीत असता संताजी घोरपडे मारला गेला. मारणारा म्हसवडचा नागोजी माने. मोगलांशी लढणाऱ्या सर्वांत पराक्रमी सेनापतीचा असा शेवट का व्हावा, याची राजकीय कारणे पुष्कळ दिली जातात: धनाजी जाधवाशी वैर, राजारामाची नाराजी, मोगलांचे आमिष. पण खाफीखानाने दिलेले आणि जदुनाथ सरकारांनी स्वीकारलेले तात्कालिक कारण घरगुती आहे. नागोजीची पत्नी राधाबाई ही निंबाळकरांची कन्या. तिचा भाऊ अमृतराव याला संताजीने हत्तीच्या पायी दिले होते, आणि भावाच्या सुडासाठी तिने नवऱ्याला उद्युक्त केले. माने घराण्याचा कुरसीनामा उघडला तर त्यात नागोजी असेल, पण मेहुणा अमृतराव असणार नाही. निंबाळकरांच्या कुरसीनाम्यात अमृतराव असलाच, तरी त्याची बहीण असणार नाही. दोन्ही कागद बिनचूक असूनही त्या दोहोंच्या मध्ये असलेली घटना, जिच्यामुळे स्वराज्याचे एवढे नुकसान झाले, ती दोहोंतूनही गळून पडते. पुरुषांच्या खांबांवर उभारलेल्या इतिहासात खांब सर्व शाबूत असतात. तुळई नाहीशी झालेली असते.

दत्तकाच्या प्रश्नातही हेच दिसते. इंग्रजांच्या कायद्यात दत्तकाला १९२६ पर्यंत स्थानच नव्हते, आणि उमरावपद तर दत्तकास आजही मिळत नाही. त्यामुळे आमच्या वंशावळींतील अखंडता त्यांना कळली नाही, किंवा कळूनही सोयीची वाटली नाही. शाहू डिसेंबर १७४९ मध्ये वारल्यावर रामराजा गादीवर आला. तो दुसऱ्या शिवाजीचा लपवून वाढविलेला मुलगा, म्हणजे आपला नातू, असे ताराबाईनेच सांगितले होते. १७५० मध्ये तिनेच त्याला कैद केले, तो तोतया असल्याचे जाहीर केले, आणि १७५२ मध्ये जेजुरीस तशी शपथही घेतली. त्याच्या बालपणाची साक्ष देण्याजोगी व्यक्ती होती ती त्याची बहीण दर्याबाई, आणि ती दिली होती निंबाळकरांकडे. छत्रपतींचे सिंहासन कोणाचे, हा प्रश्न अशा रीतीने एका सासुरवाशिणीच्या शब्दावर येऊन ठेपला. पुढे रामराजानेही दत्तकच घेतला. शाहूनंतरची साताऱ्याची गादी दत्तकांवरच चालली. १८४८ मध्ये शहाजीराजे वारले तेव्हा दत्तक नामंजूर करून डलहौसीने राज्य खालसा केले. त्याने जो नियम लावला तो आधीच्या पिढ्यांना लावला असता, तर खालसा करावयास राज्यच उरले नसते! फलटणची गोष्ट सात वर्षांपूर्वीची. बनाजी नाईक १८२८ मध्ये वारल्यावर साताऱ्याने जप्त केलेली ती जहागीर १८४१ मध्ये विधवेस दत्तक घेण्याची परवानगी मिळून सुटली, ती तीस हजार रुपये नजराणा देऊन. फलटणच्या वंशावळीत पुढची रेघ सरळ काढलेली दिसते. त्या रेघेची किंमत तीस हजार होती आणि ती एका विधवेच्या नावाने चुकती झाली, हे वंशावळीत लिहिलेले नाही.

पुरुषांची रेघ सरळ असते हा विश्वास किती जपून बाळगावा, याची एक अलीकडील साक्ष इंग्लंडमधूनच मिळते. १४८५ मध्ये रणांगणावर पडलेला तिसरा रिचर्ड याचा सांगाडा २०१२ मध्ये लेस्टर येथे उत्खननात मिळाला. ओळख पटविण्यासाठी त्याच्या बहिणीच्या मुलींच्या परंपरेतील हयात वंशजांशी आनुवंशिक तपासणी झाली; सुमारे पाच शतकांनंतर ती जुळली. पुरुषांच्या परंपरेने त्याच पूर्वजाचे वंशज मानल्या गेलेल्या बोफर्टच्या ड्यूक घराण्याशी तपासणी केली असता ती जुळली नाही. २०१४ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. नोंदलेल्या, तपासलेल्या, उमरावपदांच्या कोशांत छापलेल्या पुरुषपरंपरेत कोठे तरी खंड होता. आईकडून मुलीकडे गेलेली, कोणतेही पद न मिळालेली परंपरा मात्र अखंड निघाली. एका उदाहरणावरून सिद्धान्त काढू नये हे खरे. पण वंशावळीत ज्या बाजूची नोंद पक्की ती बाजू खरी, हे गृहीतक यापुढे विनाशर्त वापरता येणार नाही.

प्रश्न असा उरतो की, मराठी घराण्यांतील स्त्रियांची नावे आता मिळावीत कोठून. वतनाच्या कागदांत ती मिळणार नाहीत. आणि मिळाली तर चोळीबांगडीसाठी दिलेल्या गावांच्या सनदांत, किंवा दत्तकाच्या तंट्यात विधवेने दिलेल्या अर्जात. पण यांहून मोठे भांडार दुसरीकडे आहे. पंढरपूर, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. श्राद्धात पित्याबरोबर माता, आजी आणि पणजी यांचा, तसेच आईच्या बापाचा, आज्याचा व पणज्याचा उच्चार करावा लागतो. उपाध्यायाला ही नावे ठाऊक असल्याखेरीज विधीच पुरा होत नाही. म्हणून तो ती लिहून ठेवतो, खाली तिथी घालतो आणि यजमानाची सही घेतो. या लेखनामागे वतनाचा तंटा नाही, सनदेची अपेक्षा नाही, आणि ऐकणारा मामलेदार नाही. मराठा घराण्यांच्या इतिहासासाठी या वह्यांचा उपयोग अद्याप पुरता झालेला नाही. फलटण, म्हसवड आणि अकलूज येथून पंढरपुरास वारीला गेलेल्या घराण्यांच्या नोंदी त्यांच्या करीन्यांसमोर ठेवून वाचल्या, तर उमा आणि दीपाबाई या एक की दोन, यांसारख्या प्रश्नांचा निकाल करणाऱ्या नोंदी तेथेच मिळण्याचा संभव अधिक आहे. वह्या जीर्ण होत चालल्या आहेत, वाटण्यांत विभागल्या जात आहेत, आणि त्यांतील जुनी पाने मोडीत असल्यामुळे ज्यांच्या घरी त्या आहेत त्यांनाही त्या नीट वाचता येतातच असे नाही. विभागाच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांस मोडी येते त्यांनी प्रथम माळशिरस तालुक्यातील गावांच्या वह्या घ्याव्या, आणि प्रत्येक नोंदीतील स्त्रीनाम, माहेरचे कुळ व तिथी ही वेगळी उतरून काढावी.